टोपी कधी काढायची

अण्णांच्या शोकसभेत जो तो एकच सांगत होता, या माणसाने आमची भीती घालवली. माइकसमोर आलेला प्रत्येक जण आधी डोळे पुसायचा आणि मग त्यांचा एखादा किस्सा सांगून सगळ्यांना हसवून जायचा. माजलगावच्या त्या मंगल कार्यालयात हार घातलेल्या फोटोसमोर लोक इतके खदखदून हसत होते की शेजारच्या हॉलमधल्या साखरपुड्याची माणसं दारातून डोकावून गेली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि मान हलवली. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलंय. आलंही होतं. पण खरं कारण वेगळं होतं. माझी भीती अण्णांनी कधी घालवली नाही, आणि त्यांची भीती मी पाहिली होती. हे फोटोसमोर उभं राहून कसं सांगणार?

मी मुळात भित्री. आमच्या घरात काळजी वारशाने येते. वडील मोंढ्यात धान्य तोलणारे तोलार होते. त्यांना यायला जरा उशीर झाला की आई दारात जाऊन उभी राहायची आणि आम्हा भावंडांना मेलेली माणसं कशी कशी मेली ते आठवायला लागायचं. आता आई नाही. मुलाचा फोन लागला नाही की मी खुर्चीत बसून तेच करते. दारातून खुर्चीपर्यंत आलो, एवढीच आमच्या घराण्याची प्रगती.

कॉलेजात नाटकाच्या वर्गाला गेले ते मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांचं बघायला मिळेल म्हणून. तर तिथे बाकच नव्हते. स्कूटर लावायच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग भरायचा. समोरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून जायच्या आणि त्या गोंगाटात बुटकेसे, मोठ्या कानांचे अण्णा उभे राहायचे. त्यांची डावी भुवई आपोआप वर जायची, बाकीचा चेहरा गंभीर. तेवढ्यावरच माणसं हसायला लागायची. अर्धं आयुष्य त्यांनी तमाशाच्या फडात सोंगाड्या म्हणून काढलं होतं. पुढे एक-दोन मालिकांमध्ये थोबाडीत खाणारा हवालदार झाले. मग कॉलेजने त्यांना ऐनवेळी सुचेल ते करायची कला शिकवायला बोलावलं. सोंगाड्याला कागद नसतोच. गावात आज काय घडलं ते संध्याकाळी त्याच्या तोंडी यायला हवं. हे सगळं ते वडिलांकडून शिकले होते. वडील बहुरूपी. खाकी कपडे घालून दारोदार जायचे, खोटं वॉरंट वाचायचे आणि घर हसवून पसाभर जोंधळे घेऊन परत यायचे.

अण्णांचा पहिला नियम असा, की पुढचा जे देईल ते घ्यायचं. कुणी म्हणालं, "अहो, तुमची म्हैस माझ्या मोटारसायकलवर बसलीय," तर माझ्याकडे म्हैस नाही असं म्हणायचं नाही. म्हणायचं, "हो ना, तिला तेलगावला जायचंय, सोडता का?" बाकीच्यांना हे पटकन जमलं. माझ्या तोंडून मात्र पहिला शब्द 'नाही' हाच यायचा. नाही, माझी नाही, मला माहीत नाही, मी नव्हते तिथे. एकदा अण्णांनी कमरेवर हात ठेवून मला सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरी, तुझ्या तोंडात न्हाई भरलेलं हाय. जा, चूळ भरून ये." मी खरंच नळावर जाऊन चूळ भरून आले. त्या दिवशी पहिल्यांदा शेड माझ्यावर हसलं आणि मला बरं वाटलं.

दुसरा नियम टोपीचा. तो त्यांच्या वडिलांचा. बहुरूपी खाकीत दारात उभा राहिला की घर क्षणभर दचकतं. त्याने वॉरंट वाचायला घ्यावं, घराला हळूहळू कळावं आणि कुणीतरी हसावं. कुणी हसल्यावरच बहुरूप्याने टोपी काढायची, खरं नाव सांगायचं, गाव सांगायचं, रामराम करायचा. त्याआधी नाही. "हसल्याबिगर टोपी काढली की भीक झाली," अण्णा म्हणायचे, "आन् मंग माझा बाप भिकारी झाला." हे बोलताना त्यांची भुवई जागेवर असायची.

म्हणून त्यांची खरी परीक्षा शेडमध्ये नसायची. वडिलांच्या फेरीतल्या गावांमध्ये ते एखाद्या विद्यार्थ्याला घेऊन जायचे. ते फौजदार, आपण हवालदार. त्याआधी एक रीत पाळायची. गावात शिरल्यावर पहिल्यांदा पोलीस पाटलाच्या घरी जाऊन खरी ओळख द्यायची. 'आम्ही अमुक, बहुरूपी, आज गावात आहोत.' एका दारात खरं सांगितलं की मग बाकीच्या दारांत खोटं बोलायची मुभा. वडील तसं करायचे, म्हणून अण्णाही करायचे.

माझी पाळी आली तेव्हा पोरं धरणारी टोळी फिरतेय अशा बातम्या मोबाईलवर फिरत होत्या. कुठल्यातरी लांबच्या गावात माणसांना झाडाला बांधल्याचा व्हिडिओ. वेष बदलून येतात, पोरांना खाऊ देतात, असं खाली लिहिलेलं. माझ्या भावाने तो मला पाठवला होता आणि मी तो पुन्हा पुन्हा पाहिला होता, म्हणजे घाबरायचं काही सुटू नये. निघायच्या सकाळी मी स्टँडवर अण्णांना म्हणाले, "अण्णा, आज नको जायला. मोबाईलवर काय काय चाललंय."

"मोबाईलवर तर मी मेल्याचंबी आलतं एकदा," अण्णा म्हणाले. "लोक हार घेऊन आले. मीच चहा केला."

गाव चकलांब्याच्या पलीकडे होतं. गेवराईहून एका ॲपे रिक्षातून गेलो. चालक ओळखीचा होता. तो गावाबाहेर लिंबाखाली थांबला आणि सीटवर पाय घेऊन पेंगायला लागला. आम्ही आधी पोलीस पाटलांकडे गेलो. पोलीस पाटील बाई होत्या, आणि त्यांच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, रानात गेल्यात, येतील.

"थांबू या," मी म्हणाले.

"ऊन चढायलंय. दोन-चार दारं करू, तवर येत्याल त्या."

मला तेव्हाच भीती वाटली. पण भीती मला रोजच वाटते. तिच्यावर विश्वास ठेवायचा तर घराबाहेरच पडता यायचं नाही.

अण्णा एका गोठ्याआड जाऊन खाकी घालून आले. टोपी कानांपर्यंत, छातीवर सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांची पदकं आणि हातात लाठी म्हणून सोललेला ऊस. माझ्या डोक्यावरही एक टोपी होती, पण ती सारखी घसरत होती. पहिल्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. अण्णांनी उसाची लाठी जमिनीवर आपटली आणि वॉरंट वाचलं, "सदर घरातल्या सासूनं काल सुनेच्या हातच्या कालवणाला चांगलं म्हणल्याची तक्रार आलीय. गावची रीत मोडल्याबद्दल अटक." म्हातारी आधी दचकली, मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की आतली सून धावत आली. अण्णांनी टोपी काढली, नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, तुझा बाप यायचा रे, लई हसवायचा. मला वाटलं, झालं, उगाच घाबरत होते. असं वाटलं की मी आणखी घाबरते, पण तेवढ्यापुरतं बरं वाटलं खरं.

पुढच्या आळीत एक लहान पोरगा आमच्यामागे लागला. त्याची नजर अण्णांच्या उसावर होती. अण्णांनी मागे वळून त्याला सलाम ठोकला आणि लाठीचं एक कांडं मोडून त्याच्या हातात दिलं. पोरगा ऊस चोखत आमच्यासोबत चालू लागला. मी ते पाहिलं आणि मला त्या व्हिडिओखालची ओळ आठवली. पोरांना खाऊ देतात.

"अण्णा," मी हळूच म्हणाले, "त्याला घरी जायला सांगा."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. तोवर एका पारावर बसलेली दोन-तीन तरुण माणसं उठली होती. एकाने मोबाईल आमच्यासमोर धरला. कुठून कशी, पण बघता बघता आळी भरली. बाया दारात आल्या. त्या पोराला कुणीतरी दंडाला धरून मागे ओढलं, त्याचा ऊस खाली पडला आणि तो रडायला लागला. त्या रडण्याने सगळं बिघडलं.

"कोण बे तुमी?" मोबाईलवाल्याने विचारलं. "कावून फिरायलाव इथं?"

"आमी सरकारचे नोकर," अण्णा म्हणाले. भुवई वर.

कुणी हसलं नाही.

"पोरं धरायला आलाव का?"

आता इथे जगातला कुठलाही माणूस एकच शब्द बोलला असता. माझ्या तोंडात तर तो जन्मापासून भरलेला होता. पण अण्णांचं सगळं आयुष्य दुसऱ्या शब्दावर उभं होतं. पुढच्याने दिलं ते घ्यायचं. विचार करायला वेळ मिळाला असता तर त्यांनी कदाचित वेगळं केलं असतं. पण विचार न करण्याचीच तर ती कला.

"हो ना!" अण्णा म्हणाले. "पोरंच धरायला आलोय. तुमच्यातलं सगळ्यात वांड कोणतं, त्येवढं सांगा. त्येच आधी नेतो."

शेडमध्ये या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या. त्या आळीत एका बाईने किंकाळी फोडली. कुणाचा तरी हात अण्णांच्या कानाखाली बसला आणि बुचांची पदकं खळखळली. ते धडपडले, सावरले आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी टोपी पुन्हा नीट केली. त्यांना अजून वाटत होतं की पुढचं वाक्य जमलं की लोक हसतील. ते तोंड उघडत होते. ते पुढचं वाक्य बोलणार होते.

मी त्यांच्या डोक्यावरची टोपी ओढून काढली.

"न्हाई!" मी ओरडले. "न्हाई, न्हाई, न्हाई. हे बहुरूपी हायेत. माझे मास्तर हायेत. नाटक हाय हे. खोटं हाय सगळं." मी त्यांचं खरं नाव सांगितलं, माझं सांगितलं, मोंढ्यातल्या माझ्या बापाचं सांगितलं, कॉलेजचं सांगितलं. हात जोडले, रडले. ते रडणं अजिबात नाटकी नव्हतं. दोन्ही टोप्या मी छातीशी धरल्या होत्या. तरी एकाने अण्णांची कॉलर सोडली नव्हती. तेवढ्यात पोलीस पाटीलबाई आल्या, डोक्यावर गवताचा भारा तसाच. भारा टाकून त्या मधे शिरल्या आणि त्या माणसाच्या हातावर विळ्याच्या मुठीने मारलं. "सोड. ह्याच्या बापानं तुझ्या आज्याला हसविलंय," त्या म्हणाल्या. मागून ती शेंगा फोडणारी म्हातारीही लटलटत आली आणि शिव्या देऊ लागली. मग कॉलर सुटली.

मला त्या माणसांचा राग यायला हवा होता. आला नाही. कुणाच्याही चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. दारात उभ्या राहणाऱ्या माझ्या आईचा चेहरा होता तो, सगळ्यांच्या खांद्यांवर. मी त्या आळीत राहत असते, माझं पोर अनोळखी माणसाच्या हातचा ऊस चोखत असतं, तर सगळ्यात आधी मीच किंचाळले असते. हे मला तिथेच कळलं.

गावाबाहेर ॲपेवाल्याने आम्हाला पाहिलं आणि रिक्षा सुरू करून ठेवली. "बैठो जल्दी, पिच्छे मत देखो," एवढंच तो म्हणाला. अण्णांचा एक कान लाल झाला होता. मला वाटत होतं, आता म्हणतील, हसण्याआधी टोपी काढलीस, माझ्या बापाला भिकारी केलंस. मी ते ऐकायची तयारी करत बसले होते. स्टँडवर उतरल्यावर ते म्हणाले, "टोपी दे." मी दिली. त्यांनी ती हातात फिरवली आणि म्हणाले, "मला काढता आली नसती गं. मी बोललोच असतो पुढं. काय बोलणार होतो, सांगू?"

"नका सांगू," मी म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. आजतागायत मला ते माहीत नाही, आणि नको आहे.

पुढच्या रविवारी शेडमध्ये त्यांनी नवा नियम सांगितला. जोडीतल्या एकाने टोपीवर ध्यान ठेवायचं. कशाला, ते सांगितलं नाही. पोरं हसली, त्यांना ती गंमत वाटली. अण्णांनी दारांची परीक्षा बंद केली. गुडघे दुखतात म्हणाले. आणि कुठेही काम असलं की मला निरोप यायचा, "विंगेत उभी ऱ्हा. बाकी काय करू नको."

मी जायचे. पुढे मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, तरी जमेल तिथे जायचे. एकदा कड्याच्या यात्रेत त्यांचं सोंग होतं. दिवसाउजेडी, उघड्या मंडपात, समोर कुस्तीला आलेली माणसं. अण्णा रंगात आले होते. एका पहिलवानाशी त्यांची जुंपली होती आणि लोक लोळत होते. आणि मधेच, अगदी ऐन हशात, त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भुवई जागेवर होती. लोकांना वाटलं, हाही सोंगाचाच भाग, आणि आणखी हसले. फक्त मला दिसलं की ते विचारतायत, अजून ठीक आहे ना? नंतर प्रत्येक प्रयोगात तसं व्हायला लागलं. दर थोड्या वेळाने ती नजर. पन्नास वर्षं लोकांना हसवलेल्या माणसाला आता हशा आणि आरडाओरडा यांतला फरक ऐकू येईना. ते मला विचारायचे. आणि मला तर तो कधीच ऐकू येत नव्हता!

माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी त्यांना आग्रहाने बोलावलं. लहान पोरं आहेत अण्णा, घरचंच आहे, असं मी म्हणाले. मनात असं होतं की पोरांसमोर त्यांची ती नजर थांबेल. त्यांनी जुनी खाकी काढली, बुचं घासून लावली. पोरं पहिल्या सलामापासून खूश. अण्णांनी मुख्याध्यापकांना खडू चोरल्याबद्दल अटक केली, पालक टाळ्या पिटत होते, मी विंगेत पडदा मुठीत धरून उभी. मग पहिल्या रांगेतली दुसरीतली एक पोरगी उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "तू पोरं धरणारा हायेस का?"

ती चेष्टा करत होती. तिला खात्री होती की तो 'हो' म्हणेल आणि आपण किंचाळत पळायचं. सगळी पोरं पळायच्या तयारीत अर्धी उठली होती.

अण्णा थांबले. हातातला ऊस खाली आला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने टोपी काढली. कुणी हसायच्या आधी.

"न्हाई बाळ," ते म्हणाले. "न्हाई. मी नाटकवाला हाय." आणि आपलं खरं नाव सांगितलं, गाव सांगितलं, रामराम केला.

पोरगी बिचारी हिरमुसली. सगळी पोरं खाली बसली. मला पळत जाऊन त्यांना आत आणावंसं वाटलं. तेवढ्यात ती पोरगी पुन्हा म्हणाली, "मग परत टोपी घाला ना. परत खोटं खोटं करा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ती नजर पाहायची मला सवय झाली होती, पण या वेळी ते परवानगी मागत होते. सत्तरीचा माणूस, छातीवर बुचं लावलेला, हातात टोपी धरून. आणि मी, जिच्या तोंडात 'नाही' भरलेलं, तिला आता दुसरं काहीतरी म्हणायचं होतं. समोर शंभरेक पालक होते, त्यांच्या हातात मोबाईल होते. मला सगळे मोबाईल दिसत होते.

मी म्हणाले, "हो."

त्यांनी टोपी घातली. भुवई वर गेली. "हो ना!" ते गरजले, "पोरंच धरायला आलोय!" आणि सगळी शाळा किंचाळत उठली.

नंतर सगळ्यांनी सांगितलं, अण्णा इतके कधीच रंगले नव्हते. पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर चढली होती म्हणे, ती पोरगी तर त्यांच्या कडेवर. अण्णांचा तो शेवटचा प्रयोग. शोकसभेतही दोघा-तिघांनी तो किस्सा सांगितला आणि लोक हसले. मी तिथे होते, पण मला त्यातलं काहीच आठवत नाही. किंकाळ्या सुरू झाल्या तशी मी विंगेतून पुढे आले होते, आणि प्रयोग संपेपर्यंत माझा हात त्यांच्या टोपीच्या दिशेने पुढे केलेला होता, तेवढं फक्त आठवतं.